मला कुत्रा चावला, मला कुत्रा दिसला

दहावीच्या वर्गाची घटक चाचणी झाली होती. स्वतःविषयी आणि घरच्यांविषयी दहा-बारा इंग्रजी वाक्यं लिहा, एवढाच प्रश्न. आमची शाळा दक्षिण मुंबईतली रात्रशाळा. साडेसहाला घंटा होते, पण वर्ग खरा भरतो सव्वासातच्या पुढे. कुणाची पाळी सुटलेली नसते, कुणाला शेठ सोडत नाही. पार्सलं पोचवणारा एकोणीस वर्षांचा मुलगा आहे, झवेरी बाजारात पॉलिशचं काम करणारे दोघे आहेत, तीन घरचा स्वयंपाक उरकून येणाऱ्या ताई आहेत आणि मामा आहेत. मामा म्हणजे अख्ख्या वर्गाचे मामा. वय चाळिशीपार, गाव जुन्नरकडचं, क्रॉफर्ड मार्केटात फळांच्या गाळ्यावर कामाला. लहानपणी शाळा आठवीत सुटली. त्यांच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे. पहिलीपासून ते २००० साली आलं. म्हणजे वर्गातल्या पोरांपेक्षा त्यांच्या वाट्याला इंग्रजीची चार वर्षं कमीच आली.

त्या दिवशी मामा वेळेआधी आले. दहापैकी तीन मार्क मिळालेला पेपर त्यांनी माझ्या टेबलावर सरळ केला.

"बाई, मार्क वाढवून मागायला नाही आलो. पण पाठ केलं तसंच्या तसं लिहिलंय. कुठं चुकलं तेवढं दाखवा."

सोबत वहीही होती. वहीत बाजारातल्या एका गाइडातून उतरवून घेतलेला तक्ता, पट्टीने रेघा मारून: आय म्हणजे मी, एमई म्हणजे मला, माय म्हणजे माझा. ही म्हणजे तो, हिम म्हणजे त्याला. शी म्हणजे ती, हर म्हणजे तिला. (इंग्रजीतल्या 'मी'ला इथे मी 'एमई' लिहिते आहे, नाहीतर मराठी मी आणि त्याचा घोळ वाचणाऱ्यालाही होईल.)

मग मी पेपर पुन्हा वाचला. पहिल्यांदा तपासताना रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते आणि लाल पेन नुसतं सरकत होतं. आता मामांची वाक्यं एकाखाली एक अशी दिसली: आय लिव्ह इन मुंबई. आय वर्क इन मार्केट. आय गेट अप ॲट फोर. सगळी बरोबर. त्याखाली: एमई लाइक्स मँगो. एमई हॅव टू ब्रदर्स. हिम हॅज फीव्हर. हर वॉन्ट्स न्यू सायकल. एमई लाइक ऑल फ्रूट्स.

इंग्रजी शिकवणाऱ्या कुणालाही हे चुकांचं गाठोडं वाटेल. पण ही वाक्यं मराठीत म्हणून बघा. मला आंबा आवडतो. मला दोन भाऊ आहेत. त्याला ताप आहे. तिला नवी सायकल हवी आहे. मला सगळी फळं आवडतात. मराठीत जिथे 'मी' तिथे मामांनी आय लिहिलं होतं, जिथे 'मला' तिथे एमई. एकही अपवाद नाही. तक्त्याशी इतका इमानदार पेपर मी आजवर पाहिला नव्हता.

त्याहून गंमत क्रियापदांची. आंबा एकटा असला की लाइक्स, फळं अनेक झाली की लाइक. भाऊ दोन, म्हणून हॅव. ताप एक, म्हणून हॅज. क्रियापदाचा एस आंब्याच्या मागे चालला होता, माणसाच्या नव्हे. आणि मराठीत तो तसाच चालतो की! आंबा आवडतो, आंबे आवडतात. ज्याला आवडतात तो माणूस एक असो की शंभर, क्रियापद त्याच्याकडे ढुंकून बघत नाही.

वर्गातल्या बाकीच्यांचे पेपर काढले. पार्सलवाल्या मुलानेही एमई लिहिलं होतं, पण त्याचं दुखणं वेगळं. तो लिहितो 'एमई गो टू ऑफिस', कारण कानाला ते 'मी' ऐकू येतं आणि हात थेट मराठीकडे वळतो. झवेरी बाजारवाल्या दोघांनी सरसकट सगळीकडे आय ठोकलं होतं, 'गिव्ह आय वॉटर'सुद्धा. त्यांना पाच-पाच मार्क. म्हणजे ज्याने तक्ता उघडलाच नाही तो पास, आणि ज्याने पाठ केला तो नापास. हे मला झोंबलं.

त्या दिवशी शिकवायचं ठरवलेलं बाजूला ठेवलं आणि फळ्यावर मामांचा तक्ताच लिहिला.

इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांत सर्वनामांच्या विभक्तीसाठी एक हुकमी युक्ती सांगितलेली असते. 'ही अँड आय वेंट' की 'ही अँड एमई वेंट' असा प्रश्न पडला तर 'ही' झाका आणि उरलेलं म्हणून बघा. 'एमई वेंट' कानाला खटकतं, म्हणून आय. युक्ती चांगली आहे, फक्त त्यासाठी कान इंग्रजीत वाढलेला असावा लागतो. माझ्या वर्गात 'एमई वेंट' कुणालाही खटकत नाही. त्यांना म्हणून बघा सांगितलं की ते म्हणतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात. मग आपल्याकडची गाइडं दुसरंच काही शिकवत बसतात: यू, ही अँड आय असा द्वितीय-तृतीय-प्रथम पुरुषाचा, म्हणजे दोन-तीन-एकचा क्रम, चूक कबूल करायची असेल तर एक-दोन-तीन. स्पर्धा परीक्षेला ते लागतं, मान्य. पण 'मला'चं काय करायचं याबद्दल त्यांत ओळ नसते.

म्हणून मी वर्गाला म्हटलं, मराठीत 'मला'ने सुरू होणारी वाक्यं सांगा, सुचतील तेवढी. फळा भरायला वेळ लागला नाही. मला कळतं, मला वाटतं, मला आठवतं, मला पोहता येतं, मला जमत नाही, मला झोप येते, मला राग येतो, मला जायचंय, मला पाणी द्या, मला शेठने बोलावलं, मला पगार मिळाला. ताईंनी भर घातली, "मला कंटाळा आलाय," आणि वर्ग हसला, कारण त्या खरंच जांभई देत होत्या.

यातल्या कशाचं आय होतं आणि कशाचं एमई राहतं, ते मी समोर लिहून दिलं. आय नो, आय थिंक, आय रिमेंबर, आय कॅन स्विम. पण गिव्ह एमई वॉटर, बॉस कॉल्ड एमई. आता नियम तुम्ही शोधा.

मामा फळ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बाई, कर्ता शोधायचा ना? धातूला 'णारा' लावून विचारायचं. देणारा कोण? गिऱ्हाईक. बोलावणारा कोण? शेठ. तिथं काम करणारा दुसराच आहे, म्हणून आपण एमई."

हे 'णारा कोण' त्यांना आठवीपर्यंतच्या मराठी व्याकरणातून आलेलं. मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ते येतं. मी म्हटलं, "बरं, मग आवडणारा कोण?"

"आंबा," असं म्हणून मामा थांबले. "म्हणजे परत एमईच."

शालेय मराठी व्याकरणानुसार मामांचं उत्तर शंभर टक्के बरोबर आहे. 'मला चंद्र दिसतो' यात दिसणारा चंद्र, म्हणून कर्ता चंद्र. असंच आपण शिकतो. तिथे मागच्या बाकावरून पार्सलवाला उठला. या मुलाचं आणि गल्लीतल्या कुत्र्यांचं जुनं वैर.

"मॅडम, मला कुत्रा चावला. मला कुत्रा दिसला. दोन्हीत कुत्राच आहे. मग?"

मी इतकी वर्षं शिकवते आहे, पण दोन वाक्यांत सगळा प्रश्न इतका नेमका मांडलेला मी कुठल्याही पुस्तकात वाचलेला नाही. रचना तीच, विभक्ती तीच, शब्द तेवढेच. 'णारा' लावा, दोन्हीकडे कुत्रा. इंग्रजीत मात्र एक 'द डॉग बिट एमई' आणि दुसरं 'आय सॉ अ डॉग'. मी दोन्ही फळ्यावर एकाखाली एक लिहिली आणि खडू ठेवून दिला.

जरा वेळ गोंधळ झाला. कुणी म्हणालं चावल्यावर दुखतं म्हणून. कुणी म्हणालं, दिसल्यावरही पळावं लागतंच. उत्तर आलं ताईंकडून, तेही प्रश्नाच्या रूपात: "दिसला म्हणजे मी पाहिला, असं म्हणता येतं ना? 'मी कुत्रा पाहिला.' पण 'मला चावला'चं 'मी' करून बघा..."

"मी कुत्र्याला चावलो!" पार्सलवाला ओरडला. पुढची दोन मिनिटं वर्ग माझ्या ताब्यात नव्हता. शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन बघून गेले.

पण ताईंनी हातात दिलेली किल्ली खरी होती. 'मला'च्या जागी 'मी' ठेवायचं, क्रियापद त्याच अर्थाचं दुसरं घ्यायचं आणि अर्थ टिकतो का बघायचं. मला दिसतं, मी पाहतो. मला ऐकू येतं, मी ऐकतो. मला कळतं, मी समजतो. मला हवंय, मी मागतो. मला आवडतो, मी पसंत करतो. अर्थ टिकला की आय. मला बोलावलं याचं 'मी बोलावलं' केलं की सगळं उलटं होतं, तिथे एमई. यासाठी इंग्रजी कान लागत नाही, मराठी कान लागतो, आणि तो माझ्या वर्गात सगळ्यांचा तयार आहे.

सगळीकडे ही किल्ली चालत नाही, ते लगेच कळलं. 'मला ताप आला'चं मामांनी 'मी तापलो' केलं आणि पुन्हा हशा. 'मला दोन भाऊ आहेत' याला तर 'मी'वालं जोडीदार वाक्यच नाही. भाऊ, ताप, भूक, वेळ, पैसा, जे जे आपल्याला 'असतं', ते इंग्रजीत आय हॅव किंवा आय ॲम असं पाठच करायचं, असं मी सरळ सांगून टाकलं. एवढं पाठांतर परवडतं.

इथे मला मामांना एक गोष्ट सांगाविशी वाटली, अभ्यासक्रमात नसली तरी. त्यांनी लिहिलेलं इंग्रजी चुकीचं आहे ते आजच्या हिशेबाने. फार जुन्या इंग्रजीत 'लाइक' या क्रियापदाचा अर्थ रुचणं असाच होता. रुचणारी वस्तू कर्ता आणि माणूस चतुर्थीत, हुबेहूब आपल्या आंब्यासारखा. त्या घराण्यातलं एक रूप शेक्सपिअरपर्यंत टिकलं: हॅम्लेटची आई 'मीथिंक्स' म्हणते. मला वाटतं. त्यातला एस एमईच्या मागे चालत नाही, मामांच्या लाइक्ससारखाच. हिम, देम, हूम यांच्या शेवटी येणारा म हाही मूळचा चतुर्थीचाच. द्वितीयेचं वेगळं रूप जुन्या इंग्रजीत होतं, ते पुढे चतुर्थीत विरघळलं. आपल्याकडेही दोन्ही विभक्त्यांना तेच 'स, ला, ते' आहेत, नुसतं घोकताना दोनदा म्हणावं लागतं.

मराठी माणूस 'मला राग आला' म्हणतो म्हणून तो दैववादी आणि इंग्रज 'आय ॲम अँग्री' म्हणतो म्हणून कर्तबगार, असं सांगणारे लोक मला भेटले आहेत. मला ते पटत नाही. पटत नाही हेही मी 'मला' घालूनच म्हणणार.

मामांनी शेक्सपिअर ऐकून घेतला आणि कामाचं विचारलं. "म्हणजे चारशे वर्षांपूर्वी मला मार्क मिळाले असते?"

"एखाद-दुसऱ्या वाक्याला," मी म्हटलं. "फीव्हरला नक्कीच नाही."

मग त्यांनी वहीतल्या तक्त्यात 'एमई म्हणजे मला' ही ओळ खोडली नाही. तिच्या वर, आयच्या रकान्यात, 'मी' या शब्दाशेजारी बारीक अक्षरात आणखी एक 'मला' लिहिलं आणि कंसात 'दिसला'. खालच्या 'मला'पुढे कंसात 'चावला'. ही-हिम आणि शी-हरच्या ओळींतही तसंच केलं. त्यांच्याकडून तो तक्ता त्याच रात्री अर्ध्या वर्गाने उतरवून घेतला, आणि मीही.

साडेनऊला दहा मिनिटं कमी असताना ताईंनी पर्स खांद्याला लावता लावता विचारलं, "आणि बाई, 'मला मैत्रीण भेटली'? ती मला भेटली की मी तिला भेटले?"

मी दोन्ही लिहिली: 'आय मेट अ फ्रेंड', 'अ फ्रेंड मेट एमई'. दोन्ही बरोबर. मामांना हे अजिबात रुचलं नाही. एका मालाचे दोन भाव कसे, असं काहीतरी ते पुटपुटले.

पार्सलवाला हेल्मेट घेऊन दारात पोचला होता. "मॅडम, परीक्षेत असलेच प्रश्न काढा," तो म्हणाला. "काहीही लिहिलं तरी मार्क."