बिनखर्चाचा कोकण ब्लॉग, नोंद ४ : मेअखेर

गुगलची ‘ब्लॉगर’ ही फुकट ब्लॉगसेवा, तिच्यासोबत मिळणारा ब्लॉगस्पॉटचा फुकट पत्ता आणि एक अँड्रॉइड फोन. खर्च अजून शून्य, आणि डोमेन (स्वतःच्या नावाचा पत्ता) विकत घ्यायचं कारण आजही दिसत नाही. कमाई अ‍ॅडसेन्समधून, म्हणजे गुगलच्या जाहिरातींतून. अ‍ॅडसेन्सला ब्लॉगस्पॉट चालतं, मराठीही चालते. अर्ज ब्लॉगरच्या डॅशबोर्डवरच्या ‘कमाई’मधूनच जातो. नकार बहुतेक वेळा ‘लो व्हॅल्यू कंटेंट’ (मजकुरात दम नाही) या शेऱ्याने येतो. ‘कोकणातली २५ ठिकाणं’ छाप वरवरच्या याद्या आणि दुसऱ्याचे उचललेले फोटो काढून टाका. त्याऐवजी एकाच किनाऱ्यावर सविस्तर लिहा: एसटी कुठे सोडते, तिथून किती चालायचं, ओहोटीला खडक कुठपर्यंत उघडा पडतो. गोपनीयता धोरणाचं पान मात्र हवंच.

मराठी ब्लॉगांचं नुकसान पर्मालिंकमध्ये, म्हणजे प्रत्येक लेखाच्या कायमच्या पत्त्यात होतं. शीर्षक देवनागरीत असलं की ब्लॉगरला त्यातून पत्ता बनवता येत नाही. मग तो ‘ब्लॉग-पोस्ट_१२’ असलं काहीतरी चिकटवतो, आणि त्या पत्त्यावरून मजकूर कशाबद्दल आहे ते कोणालाच कळत नाही. प्रकाशित करण्याआधी उजवीकडच्या सेटिंगमध्ये ‘कस्टम पर्मालिंक’ निवडून रोमन अक्षरांत तीन-चार शब्द लिहा: गाव, विषय, बस्स. वर्ष घालू नका, म्हणजे तोच लेख पुढच्या हंगामात सुधारून वापरता येतो. सेटिंगमध्ये ‘सर्च वर्णन’ही (शोधात शीर्षकाखाली दिसू शकणारी ओळ) सुरू करा आणि गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये साइटमॅप (ब्लॉगच्या पानांची यादी) एकदाच द्या. फोटो १२०० पिक्सेल रुंदीवर आणून चढवा. फोनमधला चार-पाच एमबीचा फोटो तसाच टाकला तर घाटात, जिथे रेंजचे वांधे, तिथे पान उघडतच नाही.

कमाई १० डॉलरला पोचली की गुगलकडून पत्ता पडताळणीचं पत्र साध्या टपालाने निघतं. ते दोन-चार आठवड्यांत यायला हवं, पण ट्रॅकिंग नसतं. आपल्याकडे घराला नंबर नसतो, म्हणून पत्ता पोस्टमनला कळेल असाच लिहा: घराचं किंवा कुटुंबप्रमुखाचं नाव, वाडी, मु. पो., तालुका. पत्रातला पिन सहा अंकी असतो आणि घोळ इथेच होतो. बरेच जण टपालाचा पिनकोडच त्या रकान्यात टाकतात. तीनदा चुकलं की जाहिराती थांबतात, चार महिन्यांत पिन भरला नाही तरी थांबतात. तीन आठवड्यांत पत्र आलं नाही तर नवा पिन मागवा.

पैसे १०० डॉलर जमल्यावर, महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान निघतात. बँकेचा स्विफ्ट कोड (परदेशातून पैसे येण्यासाठीचा बँकेचा कोड) लागतो. गावातल्या शाखेला तो नसेल तर त्याच बँकेच्या कोणत्या मोठ्या शाखेचा कोड चालेल ते विचारून घ्या. पतसंस्थेचं खातं चालत नाही. आणि वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘जरा जाहिरातीवर क्लिक करा रे’ असं कृपा करून कोणी टाकू नका, अ‍ॅडसेन्सचं खातं कायमचं जाऊ शकतं. ओळखीच्या होमस्टेकडून पैसे घेऊन दुवा दिलात तर तसं लेखात स्पष्ट लिहा आणि दुव्याच्या चौकटीत ‘नोफॉलो’वर (हा दुवा शिफारस म्हणून धरू नका, अशी गुगलला खूण) टिक करा.

आता तारखांकडे या. कोकणच्या ब्लॉगची कमाई तारखांवरच ठरते, जाहिरात पानात कुठे लावली यावर फारशी नाही. नवा लेख शोधात वर यायला आठवडे, कधी महिने लागतात, त्यामुळे हंगाम सुरू झाल्यावर लिहिलेलं त्या वर्षी वाया गेलं असं समजा. यंदा गणेश चतुर्थी १४ सप्टेंबर २०२६ला आहे. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे ११ सप्टेंबरच्या गाडीचं १३ जुलैला. चाकरमानी त्याच्या आधीच शोधाशोध करतो. गाड्या, थांबे आणि स्टेशनपासून गावापर्यंतची एसटी-रिक्षा यावरचा लेख आत्ता, मेअखेरीसच वर हवा. विशेष गाड्या जाहीर झाल्या की त्याच पानात भर घाला, नवं पान उघडू नका.

हापूसचं तसंच. पेट्या मार्चमध्ये शोधल्या जातात, म्हणून डझनाप्रमाणे पेटी कशी ठरते, अढीत आंबा कसा पिकवायचा हे मोहोराच्या दिवसांत, डिसेंबरात लिहायचं.

जूनचं काम: मालवणचं स्कूबा आणि सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी. पावसाळ्यात दोन्ही बंद असतात, तेवढ्यात मजकूर पुरा करून जुलैत वर चढवायचा. दर मात्र रिकामे ठेवायचे आणि होड्या सुटल्या की जेटीवर विचारून भरायचे.