तुम्ही विचारलंत म्हणून: हा डबा अजून चालतो कसा?

पत्रिका छापायला आलेली माणसं प्रुफं वाचता वाचता कोपऱ्यातल्या माझ्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटकडे बघतात आणि विचारतातच, "हा डबा अजून चालतो कसा हो?"

2009 साली असेम्बल करून घेतलेला, कोअर टू ड्युओ प्रोसेसर, दोन जीबी डीडीआर 2 रॅम. हौस म्हणून ठेवलेला नाही. मराठी टायपाच्या जुन्या सॉफ्टवेअरचा डोंगल (त्याची किल्लीच म्हणा, ती लावल्याशिवाय ते चालत नाही) प्रिंटरच्या 25 पिनांच्या पोर्टात बसतो आणि हल्लीच्या मशीनला ते पोर्ट सहसा नसतंच. गावातल्या निम्म्या पत्रिका आणि पतसंस्थेचे अहवाल त्या फॉन्टात अडकलेत.

बंद तर तोही पडतो. फक्त पडला की मी लगेच दुकानात धावत नाही. पूर्वी धावायचो.

एका पावसाळ्यात पंखे फिरायचे, पडदा काळा, आणि आतून लांबलचक बीप. दुरुस्तीवाल्याने न उघडताच "मदरबोर्ड गेला" म्हणून सांगितलं. मी मुलीच्या कंपासपेटीतलं खोडरबर घेतलं, वायर काढून ठेवली, रॅम उपसून तिच्या सोनेरी पट्ट्या घासल्या आणि दोन्हीकडून खट् आवाज येईपर्यंत परत दाबून बसवली. सुरू! दमट हवेत पट्ट्यांवर थर धरतो आणि संपर्क तुटतो, एवढंच झालं होतं. बीपला लोक घाबरतात, पण मशीन निदान बोलतंय तरी. गप्प बसलेलं जास्त छळतं.

दुसऱ्यांदा एका गिऱ्हाइकाच्या बिलावर चक्क 2009 सालची तारीख छापून गेली. मदरबोर्डवरचा, तारीख-वेळ सांभाळणारा रुपयाएवढा सेल संपला होता. सीआर2032, 3 व्होल्टचा. घड्याळाच्या दुकानातसुद्धा मिळतो.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार मात्र कॉम्प्युटरची नाहीच, भिंतीची आहे. एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डबीच्या, तोंडाशी फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला जोडलेले बारके कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर बॉडीवर विजेचा साधारण निम्मा दाब येऊन बसतो. करंट अगदी थोडा, पण हाताला कळतो. वायरमन बोलवा, कॉम्प्युटरवाला नको.

माझी खरी फजिती झाली एप्रिलात. ऐन लग्नसराईत मशीन दहा-पंधरा मिनिटांत फट्कन बंद पडायला लागलं. मी ठरवूनच टाकलं की एसएमपीएस. नवा आणला, बसवला, कॅबिनेटची बाजू उघडीच ठेवून दोन दिवस काम केलं. एकदाही बंद नाही. चार जणांना निदान ऐकवून झालं. तिसऱ्या दिवशी पत्रा लावला, स्क्रू आवळले, आणि वीस मिनिटांत पडदा काळा. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला: दोन दिवस मशीन चाललं ते उघड्या पत्र्यामुळे, आत हवा खेळून ते तापत नव्हतं म्हणून. मी एका वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या आणि श्रेय भलत्याच गोष्टीला देऊन मोकळा झालो होतो. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याला, हीटसिंकला, चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात. त्यातली एक उपटून वर आलेली, आणि खालची, उष्णता ठोकळ्यापर्यंत पोचवणारी पेस्ट वाळून खडूसारखी. खुंटी दाबली, जुनी पेस्ट स्पिरिटने पुसली, नवी वाटाण्याएवढी लावली. जुना एसएमपीएस ठणठणीत आहे, कपाटात. (एसएमपीएसचं झाकण मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आत चार्ज राहतो.)

हार्डडिस्कशी मी असे प्रयोग करत नाही. टकटक ऐकू आली की आधी कामं कॉपी करायची, मग चहा. माझी तिसरी डिस्क आहे.

परवा धूळ उडवताना प्रोसेसरशेजारच्या दोन कपॅसिटरची टोपी जराशी फुगलेली दिसली. त्याच मापाचे दोन आणून ठेवलेत, रेडिओ दुरुस्त करणारे एक काका डाग मारून देणार आहेत. पण दहा पत्रिका अजून छापायच्या आहेत, तोवर मी पत्रा बंद केलाय आणि तिकडे बघत नाही.