तुम्ही विचारलंत म्हणून: अपघात झाला नसता तर अमेरिकन नटी डोरिस डे गायिका झाली असती का?

विचारणाऱ्यांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं; माझ्याकडून फक्त होकार हवा असतो. 'के सेरा सेरा' (जे व्हायचं ते होणारच) गाणारी बाई, तेव्हा तिचं आयुष्यही नशिबानंच घडवलं असणार! याचा मला खरंच त्रास होतो, कारण त्यात तिची मेहनत पुसली जाते.

अपघात झाला, त्याबद्दल वाद नाही. 13 ऑक्टोबर 1937, ओहायोतलं हॅमिल्टन. पंधरा वर्षांची नर्तकी, हॉलिवूडला जायच्या तयारीत. रेल्वे क्रॉसिंगवर गाडीला मालगाडीची धडक बसली, उजवा पाय मोडला. कुबड्यांवर असताना ती पुन्हा पडली आणि दुखणं आणखी लांबलं. रेडिओवर जॅझ गायिका एला फिट्झजेराल्ड लागली की ती सोबत गायची. लोकांची गोष्ट इथे संपते.

पण नुसतं ऐकून गाता येत नाही. आईनं ग्रेस रेन यांच्याकडे शिकवणी लावली. रेनबाईंनी गुण ओळखून एका शिकवणीच्या पैशात आठवड्याला तीन घेतल्या. त्यांचा भर शब्दांवर होता: ओळ कुणाला तरी सांगितल्यासारखी गायची. मायक्रोफोनपुढे हेच सगळ्यात अवघड. आवाज मागच्या रांगेपर्यंत फेकावा लागत नाही हे खरं, पण ओळीआधीचा श्वास, 'प'चा धक्का, 'स'ची शीळ, सगळं त्यात पकडलं जातं. हळू गाताना श्वास पुरला नाही तर सूर उतरतो. मग गायिका घाबरून जोर लावते आणि गाण्यातली जवळीक जाते. डोरिस हे सिनसिनाटीच्या डब्ल्यूएलडब्ल्यू रेडिओवर गाताना शिकत गेली, मग बार्नी रॅपच्या बँडमध्ये (कॅपेलहॉफ हे आडनाव जाऊन 'डे' आलं ते तिथेच), आणि पुढे लेस ब्राउनच्या बँडमध्ये.

1 ऑगस्ट 1942 पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेनं ध्वनिमुद्रणावर बंदी घातली होती. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीशी तडजोड झाली नोव्हेंबर 1944 मध्ये, आणि 20 नोव्हेंबरला लेस ब्राउनच्या बँडसोबत डोरिसचं 'सेंटिमेंटल जर्नी' ध्वनिमुद्रित झालं. ते ऐका. मागे अख्खा बँड असूनही ती आवाज चढवत नाही. ठेक्याच्या किंचित मागे राहून शब्द सोडते. हे कुठल्या रेल्वे क्रॉसिंगवर मिळालं, सांगा!

पुढचं सगळ्यांना माहीत आहे: नटी बेटी हटनला दिवस गेले, म्हणून 1948 चा 'रोमान्स ऑन द हाय सीज' हा चित्रपट डोरिसला मिळाला. त्यालाही नशीबच म्हणतात. पण दार उघडलं तेव्हा आत जाऊन त्यातलं 'इट्स मॅजिक' गाणारा गळा तयार होता, त्याचं काय?

पूर्वी मी म्हणायचो, अपघाताचा काही संबंधच नाही. आता तसं ठामपणे म्हणवत नाही. पाय धड असता तर आईनं गाण्याच्या शिकवणीचे पैसे भरले असते का? कदाचित नाचालाच गेले असते. पण मग 1950 च्या 'टी फॉर टू' चित्रपटामध्ये तोच पाय घेऊन ती नाचते, तेही बघा. नर्तकी संपून गायिका जन्मली असं म्हणायचं, तर पडद्यावर नाचतेय ती कोण?