‘नुसतं बसायचं तर असतं’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका : उत्तर विस्कॉन्सिनचा डिअर कॅम्प

थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरचा चौथा गुरुवार) आधीच्या शनिवारी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीनं हरीण मारायचा हंगाम उघडतो. नऊ दिवस. साडेपाच लाखांच्या आसपास माणसं परवाने काढतात, आणि माझ्या सासरची सगळी त्यांत असतात. सख्ख्या भावाचं लग्न एकवेळ चुकेल, हा शनिवार चुकत नाही. लग्नाला सात वर्षं झाली, सहा वर्षं मी काही ना काही कारण काढलं. यंदा सासरे स्वतः म्हणाले, "चल की. सपाट जमीन आहे. नुसतं बसायचं तर असतं. तू तर डोंगर चढणारी."

सपाट होतं, हे खरं. बाकीच्याबद्दल लिहिते.

आईला कोल्हापुरात फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न : "पोलीस धरून नेणार नाहीत ना?" चित्ते पाळून काळवीट मारणाऱ्या संस्थानातली माणसं आम्ही, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्या डोक्यात हरीण म्हणजे कोर्टकचेरी. इथं उलट आहे. परवाना, वेळ, कपडे सगळं नियमात बसवून आजोबा नातवाला शिकवतात.

नियमांचं आधी उरकते. १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीच्या सुरक्षिततेचा कोर्स सक्तीचा. कोर्स नसेल तर मेंटॉरसोबतचा (म्हणजे शिकवणाऱ्या अनुभवी शिकाऱ्यासोबतचा) परवाना मिळतो, पण मेंटॉर हाताच्या अंतरावर हवा. म्हणजे अक्षरशः हात लांब केला की लागेल इतका. माझे मेंटॉर सासरे. कमरेवरच्या कपड्यांचा निम्मा भाग तरी भडक केशरी हवा (२०१६ पासून भडक गुलाबीही चालतो, पण आमच्या कॅम्पात तो घालायची कुणाची छाती नाही). टोपी घातलीत तर तीही निम्मी केशरी. एच-वन, एच-फोर अशा व्हिसावर असाल तर दुसऱ्याची बंदूक ‘जरा धरून बघू’ म्हणून हातात घेऊ नका. तात्पुरत्या व्हिसावरच्यांना बंदूक आणि गोळ्या बाळगायला केंद्राच्या कायद्यानं बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना असेल तर सूट मिळते. म्हणून आधी परवाना, तो खिशात, शंका असेल तर वकील. सासरच्या माणसांना यातलं काही ठाऊक नसतं, ते प्रेमानं बंदूक पुढे करतात.

आम्ही राहतो त्या मॅडिसनहून कॅम्पाकडच्या पार्क फॉल्सपर्यंत चार तास, शेवटचा पल्ला हायवे १३ ने. कॅम्प म्हणजे लाकडी खोपटं, मधोमध चुलीसारखा स्टोव्ह, संडास बाहेर. शुक्रवारी रात्री पत्ते, ब्रँडी, घोरणं. इअरप्लग न्या. एका भिंतीवर १९६१ पासूनची पेन्सिलची टिपणं आहेत : साल, कुणी मारलं, शिंगांची टोकं किती, वजन किती. ती भिंत कधी रंगवत नाहीत.

शनिवारी पहाटे उणे अकरा. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून गोळी चालवता येते, म्हणजे त्याच्याही आधी अंधारात जाऊन बसायचं. दोघांचा शिडीचा स्टँड, म्हणजे मचाण, जमिनीपासून पंधरा फूट. हार्नेस (पडू नये म्हणून अंगाला बांधायचा पट्टा) बांधा आणि जमिनीवरूनच बांधून चढा, वर गेल्यावर बांधू म्हणू नका. बंदूक रिकामी करून दोरीनं मागून ओढून घ्यायची. साडेआठ तास बसलो. एक खार आणि बरीच चिकडी (चिमणीएवढे पक्षी) दिसली. थंडीला हॉट हँड्सची ऊब देणारी पाकिटं बुटांत बोटांच्या वरच्या बाजूला ठेवा, खाली ठेवलीत तर चुरगळून गार पडतात. या साडेआठ तासांत सासरे सात वर्षांत बोलले नव्हते तेवढं बोलले, सगळं कुजबुजत, एका वेळी एक वाक्य, मग वीस मिनिटं गप्प.

सव्वातीनला दलदलीच्या पलीकडून एकच बार झाला. नणंदेचा मुलगा, वय चौदा, कोर्स केलेला, पहिल्यांदाच एकटा स्टँडवर होता. सासऱ्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "हा आपला." आणि उतरताना त्यांचे हात थरथरत होते, थंडीनं नव्हे.

सहा टोकांच्या शिंगांचा नर. पोरगं त्याच्यापासून दहा पावलांवर उभं होतं, जवळ जात नव्हतं. सासऱ्यांनी त्याला त्यांच्या वडिलांची सुरी दिली. मूठ हरणाच्याच शिंगाची, पातं धार लावून लावून निम्मं झालेलं. पोट उघडलं तशी वाफ वर आली आणि पोरानं तोंड फिरवलं. आजोबांनी काही न बोलता त्याच्या हातावर आपला हात ठेवला आणि दोघांनी मिळून कापलं. मी बॅटरी धरून उभी. कोल्हापूरची असून मटणाच्या दुकानात मी कधी इतक्या जवळून बघितलं नव्हतं. वास रक्ताचा कमी, ओल्या पानांचा जास्त.

इथवर ठीक. आता खरा विषय.

हरीण पडलं होतं दलदलीच्या त्या काठाला आणि ट्रकचा रस्ता या काठाला. मधे ७०० मीटर. सासऱ्यांचा गुडघा बदललेला, ते ओढू शकत नाहीत. नवरा आणि दीर जंगलाच्या दुसऱ्या टोकाला, फोनला रेंज नाही. साडेचारच्या आत सूर्य मावळतो. उरलं कोण? चौदा वर्षांचा पोरगा आणि त्याची मामी. (मामी हा एक मराठी शब्द त्याला नीट येतो. त्या संध्याकाळी त्यानं तो शंभरदा वापरला.)

आतडी काढूनही साठ-पासष्ट किलो वजन. खाली शेवाळ, मऊ, गादीसारखं, त्यावर बर्फाचा पापुद्रा. दर तिसऱ्या पावलाला पापुद्रा फुटतो आणि पाय पिंडरीपर्यंत काळ्या पाण्यात. मधे मधे झुडपांचे उंचवटे, त्यांवर हरीण अडकतं. सह्याद्रीत ज्या बुटांनी मी पावसात गड चढले ते घोट्यापर्यंतचे वॉटरप्रूफ बूट पहिल्या पन्नास मीटरला वरून भरले. पाणी आत शिरलं की वॉटरप्रूफ बूट म्हणजे बादली, ते बाहेर येत नाही. आम्हांला दोन तास दहा मिनिटं लागली. लिंगाण्यावरसुद्धा मला इतकं रडू आलं नव्हतं. सासरे पुढे दिवा घेऊन, दर थोड्या वेळानं "आलंच आता". तीनदा म्हणाले. तिसऱ्यांदा मी मराठीत उत्तर दिलं. ते इथं लिहीत नाही.

तर जाणाऱ्यांनी हे करा. स्टँडवर चढायच्या आधी विचारा : हरीण पडलं तर ट्रकपर्यंत कुठून आणणार, आणि ओढणार कोण? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा स्टँड मागा. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, इन्सुलेशनवाले. डोक्याला बांधायचा दिवा प्रत्येकाचा वेगळा. प्लॅस्टिकची स्लेड (ओझं घसरवत ओढायची बिनचाकी गाडी) न्याच. माझ्या मते बंदुकीइतकीच ती गरजेची. स्लेड नसेल तर डोकं पुढे ठेवून ओढा, केसांच्या दिशेनं, उलट ओढलंत तर प्रत्येक केस ब्रेक लावतो. दोरी शिंगांना बांधा, पुढचे पाय डोक्यामागे अडकवा, दोरीच्या टोकाला आडवी काठी बांधा म्हणजे तळहात कापणार नाहीत. माझे कापले. हरणाला वास येतो, डिओडरंट लावू नका वगैरे सल्ले बाजूला ठेवा, ते किरकोळ आहे.

नोंदणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत, ऑनलाइन किंवा फोनवर. रेंजसाठी गावापर्यंत जावं लागलं. पूर्वी हरीण नोंदणीच्या ठिकाणी प्रत्यक्ष न्यावं लागे, सगळा गाव बघायला जमे. २०१५ पासून ते गेलं. सासरे त्यावर अजून चिडतात.

दुसरा फटका मांस कापून देणाऱ्याकडे. फोनवर ११० डॉलर सांगितले, बिल २४३. कातडं काढायचे वेगळे, शिंगांचे वेगळे, सॉसेजमध्ये डुकराची चरबी घातली तिचे वेगळे. वर सॉसेज अनेकांच्या मांसाच्या एकत्र घाण्यातलं, म्हणजे पोराच्या पहिल्या हरणाचं त्यात किती हे देवालाच ठाऊक. सॉसेजच्या नादी लागू नका. हाडं काढून नुसते तुकडे करून घ्या, खिमा घरी करा, आणि भाव लिहून घ्या.

तपासणी मात्र चुकवू नका. सीडब्ल्यूडी हा हरणांच्या मेंदूचा रोग विस्कॉन्सिनमध्ये पहिल्यांदा २००२ मध्ये सापडला, तोही आमच्या मॅडिसनशेजारी माउंट होरेबला. माणसाला झाल्याचं सिद्ध नाही, पण बाधित हरीण खाऊ नका असंच आरोग्य खातं सांगतं. मुंडकं मानेच्या थोड्या भागासकट तपासणीसाठी ठेवलेल्या पेटीत टाकायचं, पैसे पडत नाहीत. आमचा निकाल दोन आठवड्यांनी आला, निगेटिव्ह. तोवर मांस फ्रीझरमध्ये, हात लावला नाही.

रविवार, सोमवार बरे गेले.

रस्सा केला. कांदा-लसूण मसाला चालतो, पण या मांसाला चरबी नसते, तेल हात सैल सोडून घाला आणि मटणापेक्षा दोन शिट्ट्या जास्त. सासऱ्यांनी तीन वाट्या प्यायला, नाक पुसत. आता भिंतीवर यंदाच्या ओळीत पोराचं नाव, ‘सहा टोकं’, आणि खाली बारीक अक्षरात ‘ओढलं : मामी’ आहे, इंग्रजी स्पेलिंग चुकवून. स्लेड मी बुधवारीच मागवली. गॅरेजमध्ये उभी आहे, नवऱ्याला तिच्यामुळे गाडी लावता येत नाही.