उजवा शॉकअप जड लागतोय

गाडीचे पुढचे दोन्ही शॉकअप आठ महिने वर्तमानपत्रात गुंडाळून फळीवर पडून होते. ते अखेर जागेवर बसले, पण त्यासाठी दोन रविवार गेले. पहिल्या रविवारी बसवले आणि त्याच संध्याकाळी पुन्हा उतरवायचे ठरले. असं का झालं ते लिहून ठेवतोय, म्हणजे मागचे शॉकअप करताना माझ्याच उपयोगी पडेल.

गाडी ३५ वर्षांची आहे. पुढे डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाकाला धरणारे वर-खाली दोन हात, आणि शॉकअपच्या भोवतीच स्प्रिंग. शॉकअप कोनीचे, जुन्या पद्धतीचे. (ही डच कंपनी १८५७ मध्ये घोड्यांच्या साजाचं सामान बनवण्यापासून सुरू झाली, हे मला फार आवडतं. धक्के सोसणाऱ्यांशी त्यांचा संबंध जुना आहे.) याला फिरवायला बाहेर बटण नसतं. शॉकअप गाडीतून काढायचा, दांड्यावरचं रबर काढून दांडा तळापर्यंत दाबायचा आणि अगदी हलक्या हाताने फिरवत राहायचं. आतली खाच सापडली की हाताला कळतं. मग मऊ बाजूला अडेपर्यंत फिरवायचं, ते शून्य. तिथून घट्ट बाजूला फेरे मोजायचे. झालं की दांडा न फिरवता सरळ एखादा सेंटीमीटर वर ओढायचा, म्हणजे खाच सुटते. या सगळ्याने फक्त दांडा बाहेर येतानाचा अडथळा बदलतो, म्हणजे दबलेली स्प्रिंग किती वेगाने मोकळी होणार ते. आत जातानाचा अडथळा आहे तसाच राहतो.

डावा शॉकअप गळत होता, म्हणून त्याचं सील बदलून आणलं होतं. उजवा ठणठणीत होता, तो नुसता पुसून ठेवला. बसवायच्या दिवशी मी दोन्ही दाबले, खाच पकडली आणि दोघांना एकेक फेरा दिला. आडवे पडून राहिल्याने हवा चुकीच्या जागी गेलेली असते, म्हणून उभे धरून दहा-दहा वेळा पूर्ण ओढले-दाबले. लेक शेजारी होती, तिने दोन्ही ओढून पाहिले आणि म्हणाली, "बाबा, उजवा जड लागतोय."

मी म्हटलं, पडून होता, सुटेल हळूहळू. आणि स्प्रिंगच्या मागे लागलो.

स्प्रिंगमध्ये माझा जीव अडकलेला असतो हे खरं. मूळच्याच आहेत त्या. टेबलावर उभ्या करून मोजल्या तर एक दुसरीपेक्षा ६ मिलिमीटर उंच निघाली. एक बसली असं वाटून नव्या जोडीच्या विचारात होतो. रॉकेलच्या फडक्याने पुसल्यावर दोन्हींवर रंगाचे पट्टे दिसले, वेगवेगळ्या रंगांचे. म्हणजे कारखान्यातूनच डावी-उजवी निराळी आली होती; चालकाचं वजन एकाच बाजूला पडतं, त्याची ती सोय. अदलाबदल केली असती तर गाडी कायमची एका अंगाला कलली असती. "थोडी जाड तारेची टाक" असा सल्लाही मिळाला होता. पण स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. बाकी सगळं तेच ठेवून तार दहा टक्के जाड केली की स्प्रिंग जवळपास दीडपट कडक. मग त्या जोराला आवरायला शॉकअपही घट्ट करावे लागतात, आणि जुन्या पत्र्याला सगळे हादरे बसतात. या गाडीला तसं वागवायचं नाही.

स्प्रिंग दाबायच्या कंप्रेसरची मला अजूनही धास्ती वाटते, आणि ती वाटलीच पाहिजे. त्याचे दोन हुक स्प्रिंगला बरोबर समोरासमोर लावायचे, एकाला दोन फेरे, मग दुसऱ्याला दोन. स्प्रिंगच्या तोंडासमोर आपलं तोंड आणायचं नाही. खालच्या बैठकीत स्प्रिंगचं टोक पायरीला टेकलंय का हे बोटाने नव्हे, बॅटरीच्या उजेडात डोळ्यांनी पाहायचं. वरचा नट आवळताना दांडा आपल्याबरोबर फिरतो. तेव्हा पकडीने दांडा धरायचा मोह टाळायचा, कारण त्या चकचकीत पृष्ठभागावर एक ओरखडा पडला की नवं सील गेलंच. दांड्याच्या वरच्या टोकाला धरायला चपटी जागा असते, तिथे पाना लावायचा. नट कोरे घेतले होते.

संध्याकाळी गाडी चाकांवर उतरवली आणि पुढचे कोपरे एकेक करून दाबून सोडले. डावा चटकन वर येऊन थांबला. उजवा रेंगाळत आला. सकाळी लेकीला हाताने कळलं होतं तेच मला आता सगळी गाडी सांगत होती.

कारण रात्री जेवताना सुचलं. डावा दुरुस्तीहून शून्यावर येऊन बसला होता. उजव्यात मात्र आधीच्या मालकाने लावलेलं जुनं सेटिंग तसंच होतं. मी दोघांना सारखा एक फेरा दिला, पण शून्य फक्त एकाचंच तपासलं होतं. पुढच्या रविवारी उजवा पुन्हा उतरवला, पुन्हा कंप्रेसर, पुन्हा तो नट. दांडा मऊ बाजूला फिरवला तर अडेपर्यंत बरोबर दोन फेरे मागे गेला. एक माझा, एक त्यांचा. मग शून्यापासून एकच फेरा दिला आणि दोन्ही शॉकअप लेकीच्या हातात ठेवले. तिने डोळे मिटून ओढले, आलटून पालटून तीनदा. "आता सारखे," म्हणाली. मगच स्प्रिंग चढवली.

विशबोनचे बुश, म्हणजे सांध्यातली रबरं, या वेळी शेवटी आवळले. गाडी चाकांवर उभी करून, पुढून दोनदा हलवून बसू दिली आणि मग टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) लावला. हवेत लोंबकळत असताना आवळले तर रबर त्याच अवस्थेत पकडलं जातं, गाडी खाली आली की कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची दोन्हीकडे ३ मिलिमीटरच्या फरकात आली आहे. शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा मोजणार, मग अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत. मागचे शॉकअप अजून गाडीतच आहेत. त्यांच्यासाठी लेकीने वहीत नवं पान काढलंय, आणि दोन रकान्यांवर लिहिलंय: "डावा, शून्य तपासलं?" "उजवा, शून्य तपासलं?"