जुन्या पिकअपला नवे टोइंग आरसे: एक बाजू झाली, दुसरी अर्ध्यावर

ट्रेलर साडेआठ फूट रुंद, ट्रक जेमतेम साडेसहा. मूळ आरशांत ट्रेलरच्या पुढच्या भिंतीपलीकडे काही दिसायचंच नाही. म्हणून माझी २००४ची शेव्हरोले सिल्व्हरॅडो पिकअप आणि २०१४नंतरच्या ढंगाचे उभे, बाहेर ओढता येणारे टोइंग आरसे अशी जोडी जमवायला घेतली. १९९९च्या मॉडेलपासून आलेल्या पिढीच्या दारावर बसेल असा पाया असलेलेच आरसे घेतले, त्यामुळे पत्र्याला हात लावावा लागला नाही.

बसवण्याचं काम सोपं आहे. बॅटरीची निगेटिव्ह काढली, दाराचं पॅनेल स्क्रू सोडवून वर उचललं, आतले तीन नट काढले की जुना आरसा हातात. नट काढण्याआधी दाराच्या पोकळीत एक फडकं कोंबून ठेवा. नट आत पडला तर तो शोधण्यात तास जातो. नवा आरसा जड आहे, तेव्हा पहिला नट बोटांनी चढेपर्यंत बाहेरून कुणीतरी धरायला हवंच.

खरा वेळ गेला वायरिंगमध्ये. माझ्या गाडीत काच हलवायच्या मोटरी आणि हीटर एवढ्याच तारा होत्या. नव्या आरशात इंडिकेटर आणि पार्किंग लाइटही आहेत. मी रंगाला रंग जोडला, इथेच फसलो. बटण वर दाबलं की काच खाली जायची, आणि डावीकडे दाबलं की संथपणे तिरकी सरकायची.

त्या तिरक्या चालीनेच उत्तर दिलं. काचेमागे दोन मोटरी असतात, पण तारा तीनच, कारण एक तार दोघींत सामाईक. ती सामाईक तार दुसरीशी अदलाबदल झाली की एक मोटर उलटी फिरते, आणि दुसरीला वीज द्यायला गेलं की दोन्ही एकामागे एक जोडल्यासारख्या होतात, अर्ध्या जोराने एकदमच फिरतात. मग आरसा टेबलावर घेतला, मल्टिमीटर ओहमवर (म्हणजे रोध मोजायला) लावला आणि तारा दोन-दोन करून मोजल्या. ज्या जोडीत आकडा जवळपास दुप्पट येतो तिच्यातली एकही तार सामाईक नाही. उरलेली तिसरी ती सामाईक. पाच मिनिटांचं काम होतं. आता प्रत्येक तार आधी मोजतो, मगच क्रिंप करतो, म्हणजे जोड दाबून पक्का करतो.

इंडिकेटरच्या एलईडीला दिशा असते, उलट जोडलं तर पेटत नाही. मूळ बल्ब जागेवरच असल्याने फ्लॅशरची, म्हणजे इंडिकेटरच्या उघडझापीची, गती बदलली नाही. पार्किंग लाइटची तार केबिनमधून घेतली, जोडाजवळच छोटा फ्यूज घातला आणि दार-खांबामधल्या रबरी नळीतून कडक तारेच्या मदतीने ओढून आणली. ही नळी बाजूने चिरून तार घालायचा मोह होतो. कृपया करू नका, पाणी तिथूनच आत शिरतं.

मग ट्रेलर सरळ उभा करून आरसा लावला. वरच्या सपाट काचेत ट्रेलरची बाजू आतल्या कडेला बोटभर, क्षितिज मधोमध. खालच्या बहिर्गोल काचेत ट्रेलरचं चाक आणि त्याच्या शेजारची जमीन. पहिल्यांदा ते चाक दिसलं तेव्हा खूप बरं वाटलं. इतकी वर्षं वळताना ते मी फक्त अंदाजाने सांभाळत होतो.

आरशाचा हात पूर्ण बाहेर ओढला की काच वेगात थोडी थरथरायची आणि शिट्टीसारखा आवाज यायचा. आरशाच्या पायाखालची फोमची गॅस्केट (फटी बंद करणारी पट्टी) एका कोपऱ्यात दुमडली होती. नट सैल करून ती सरळ केली, तिन्ही नट थोडे-थोडे आळीपाळीने आवळले. शिट्टी गेली, थरथर बरीच कमी झाली.

पलीकडच्या बाजूला आरसा बसलाय, मोटरी आणि हीटर चालू आहेत. पार्किंगची तार मात्र रबरी नळीच्या मधल्या वळणात अडकून बसली आहे, ती अजून निघायची आहे.