धाकधूक म्हणजे भीतीच का?

मी भाषांतराचे काम करते हे कळल्यावर एक प्रश्न मला हमखास विचारला जातो: धाकधूक म्हणजे भीतीच ना, मग सरळ भीती का लिहू नये? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

धाकधूक असते ती अजून न घडलेल्या गोष्टीची, आणि तीही ती गोष्ट इकडे किंवा तिकडे जाऊ शकते तोवरच. उत्तरपत्रिका कोरी ठेवून आलेल्या मुलाला घरच्यांची भीती वाटेल, कदाचित लाजही वाटेल, पण निकालाची धाकधूक वाटणार नाही, कारण त्याच्यापुरता निकाल केव्हाच लागलेला असतो. ज्याने बरे लिहिले आहे आणि तरी एका प्रश्नावरून ज्याचे मन मागे-पुढे होत आहे, त्यालाच ती छळते. या शब्दात भीतीइतकाच आशेचाही वाटा आहे. मतमोजणीच्या आदल्या दिवशी ‘उमेदवारांची धाकधूक वाढली’ असा मथळा वर्तमानपत्रे वर्षानुवर्षे छापत आली आहेत. तो कितीही गुळगुळीत झालेला असला, तरी शब्द मात्र अचूक आहे.

काही जण या शब्दात ‘धाक’ शोधतात. धाक दुसऱ्याचा असतो, वडिलांचा किंवा वरिष्ठांचा. धाकधूक ज्याची त्याची. माझ्या कानाला तरी त्यात आधी छातीचे ठोकेच ऐकू येतात, आणि धडधड, धुगधुगी हे शब्द त्याच्या शेजारी ठेवून पाहिले की ते तुम्हालाही ऐकू येतील.

काळजीशी तुलना केली, तर फरक क्रियापदांतच दिसतो. काळजी करता येते, वाहता येते, घेताही येते, म्हणून ‘काळजी करू नकोस’ असे कोणालाही सांगता येते. धाकधूक करता येत नाही. ती होते, वाटते किंवा मनात लागून राहते, आणि म्हणूनच ‘धाकधूक करू नकोस’ असे मराठीत कोणी म्हणत नाही. हुरहूर दुरावलेल्याची असते, रुखरुख होऊन गेलेल्याची. (जाता जाता लेखनाचे सांगते: ‘धाकधूक’मध्ये धू दीर्घ, पण ‘धाकधुकीने’ लिहिताना ऱ्हस्व.)

हे सगळे मला पहिल्यापासून कळत होते असे नाही. मनाच्या आजारांवरील एका माहितीपुस्तिकेचे भाषांतर करताना, महिनोन्महिने विशेष कारणाशिवाय टिकून राहणाऱ्या अस्वस्थतेला मी मोठ्या हौसेने ‘सततची धाकधूक’ असे लिहिले होते. मजकूर तपासणाऱ्या बाईंनी त्या शब्दांखाली रेघ मारून समासात एवढेच विचारले: ‘निकाल कधी आहे?’ मी ते खोडून ‘चिंता’ लिहिले.